ऑनलाइन फसवणूक झाली तर: पहिल्या तासात काय करावे, कोठे जावे

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका चर्चच्या आवारात बराच वेळ रेंगाळत राहिल्या. गर्दी पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जरा बोलायचे होते, पण माझ्या मुलाला कळता कामा नये." मुलगा आखातात नोकरीला. गुरुवारी सकाळी त्यांना एक फोन आला होता. त्यांच्या नावाचे पार्सल मुंबई विमानतळावर अडवण्यात आले असून त्यात अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगून पलीकडच्या व्यक्तीने त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतले. पडद्यावर गणवेशातील माणूस, त्याच्या मागे भिंतीवर सरकारी बोधचिन्ह. आपण ‘डिजिटल अटके’त आहात, घरातील कोणाशीही बोलू नका, अशी त्याची तंबी. दुपारी टीचरनी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून ३ लाख ४० हजार रुपये सांगितलेल्या खात्यात भरले. संध्याकाळी तो क्रमांक बंद झाला.

"तीस वर्षे मी मुलांना गणित शिकवले, आणि मलाच हिशेब कळला नाही," असे त्या म्हणाल्या.

गुरुवारची संध्याकाळ ते रविवारची सकाळ. गेलेल्या रकमेपेक्षा मला त्या मधल्या दिवसांची हळहळ अधिक वाटली. त्या काळात टीचरनी कोणालाही काही सांगितले नव्हते. फसवणारा माणूस नेमका या मौनावरच विसंबून असतो.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फसवणुकीची रक्कम ज्या खात्यात जमा होते ते खाते बहुधा त्या ठकाचे नसतेच. थोड्या पैशांच्या मोबदल्यात कोणीतरी वापरायला दिलेले ते खाते असते. रक्कम तेथे पोहोचताच तिचे तुकडे करून ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवली जाते आणि शेवटी एटीएममधून रोख काढली जाते किंवा आभासी चलनात बदलली जाते. या साखळीतील एखाद्या खात्यात पैसे अजून शिल्लक असतील तेवढ्यात बँकेला सूचना मिळाली, तर ती रक्कम तेथेच रोखून धरता येते. पैसे एकदा रोख स्वरूपात बाहेर पडले की पुढे उरतो तो केवळ तपास, आणि तो किती काळ चालेल हे कोणीही सांगू शकत नाही.

या धावपळीसाठीच केंद्र सरकारने एक यंत्रणा उभारली आहे. गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी मदतवाहिनी सुरू केली. तिचा क्रमांक आरंभी १५५२६० असा होता; २०२२ पासून तो १९३० आहे. हा क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावा. आपण दूरध्वनी केला की तेथील कर्मचारी आपले नाव, मोबाइल क्रमांक, बँक, खाते, रक्कम, व्यवहाराची तारीख व वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारून घेतो. ही माहिती संगणकाद्वारे आपल्या बँकेकडे व पैसे जेथे गेले त्या बँकेकडे एकाच वेळी जाते. त्या बँकेत रक्कम असेल तर ती रोखली जाते. पुढे गेली असेल तर तीच सूचना पुढच्या बँकेकडे सरकते. म्हणजे पैसा ज्या वाटेने पळतो त्याच वाटेने तक्रार त्याचा पाठलाग करते. दोघांमधील अंतर किती, हे आपण फोन केव्हा उचलला यावर ठरते.

व्यवहार क्रमांक हा येथे कळीचा मुद्दा आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात बारा अंकी क्रमांक दिसतो. बँकेचा एसएमएस किंवा पासबुकातील नोंद यांवरूनही तो मिळतो. फोन करण्यापूर्वी तो कागदावर उतरवून घ्यावा. मात्र तो शोधण्यात अर्धा तास घालवू नये. पुष्कळ लोक आधी कॅनडातील मुलीला फोन करतात, मग पुतण्याला, मग ओळखीच्या हवालदाराला. आप्तांचा आधार हवाच. परंतु पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला आणि तिसरा आप्तांना, असा क्रम ठेवावा. ओळ व्यस्त असेल तर पुन्हा लावत राहावे आणि त्याच वेळी घरातील दुसऱ्या कोणीतरी संकेतस्थळावर तक्रार भरण्यास बसावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे ते राष्ट्रीय संकेतस्थळ होय. फोनवर तक्रार नोंदल्यानंतर एसएमएसने पोच क्रमांक मिळतो. त्याच्या आधारे चोवीस तासांच्या आत या संकेतस्थळावर संपूर्ण तपशील भरावा, असे अपेक्षित आहे. हा टप्पा अनेकांकडून राहून जातो आणि फोनवरची तक्रार अर्धवट पडून राहते.

आता बँकेविषयी. येथे एक भेद स्पष्टपणे सांगणे भाग आहे, कारण त्याविषयी लोकांच्या मनात खोट्या आशा असतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे ठरवून दिले होते की, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर त्याचा भार पडू नये. चार ते सात दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी मर्यादित. सर्वसाधारण बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त १०,००० रुपये. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्या परिपत्रकाने बँकेवर टाकली. परंतु हे संरक्षण आपल्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, अशी विभागणी त्यात होती. आणि टीचरप्रमाणे भीतीपोटी का होईना, स्वतः बँकेत जाऊन पैसे भरले असतील, तर या नियमाचा आधार मिळणे कठीण. तरीही बँकेला लेखी कळवून तारखेसह पोच घ्यावीच. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पोलीस ठाण्याची पायरी चढणे ही बहुतेकांना सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट. संकेतस्थळावर तक्रार केली म्हणजे गुन्हा दाखल झाला, असा समज आहे. तो बरोबर नाही. ती तक्रार संबंधित पोलिसांकडे जाते व प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, पुढे नोंदवावा लागतो. ठाण्यात गेल्यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे पहिले, आणि ‘हे सायबरचे काम, तिकडे जा’ हे दुसरे.

दोन्ही उत्तरांना कायद्यात प्रत्युत्तर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच दिला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, अशी तरतूद आहे खरी. त्यामुळे ‘साहेब नाहीत’ हे ठाणे अंमलदाराचे म्हणणे तपासाच्या बाबतीत समजू शकते; खबर घेण्याच्या बाबतीत नाही. तरीही नकार मिळाला, तर तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांना, टपालाने पाठवावा आणि त्यानेही काम न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. वसई परिसरातील वाचकांना हेही ठाऊक असावे की, २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले असून त्याचे स्वतःचे सायबर पोलीस ठाणे आहे.

हे सारे नियम तोंडपाठ करून ठाण्यात भांडायला जावे, असे मात्र मला सुचवायचे नाही. नीट लिहिलेला अर्ज भांडणापेक्षा अधिक काम करतो. तो मराठीतच लिहावा. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या क्रमांकावरून आला. समोरच्याने कोण असल्याचे सांगितले. काय धमकी वा आमिष दाखवले. किती रक्कम, कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, कोणत्या व्यवहार क्रमांकाने गेली, हे घडले त्या क्रमाने एक-दोन पानांत मांडावे. सोबत खाते उतारा व संदेशांची छायाचित्रे जोडावीत. रागाच्या किंवा लाजेच्या भरात संवाद पुसून टाकू नयेत, ॲप काढून टाकू नये, मोबाइल फॉरमॅट करू नये. जे आपल्याला अपमानास्पद वाटते तोच पुरावा असतो. फसवणारा तुम्हाला काय काय बोलला आणि तुम्ही काय उत्तरे दिलीत, हे तपास अधिकाऱ्याने वाचणे आवश्यक आहे. त्याने याआधी असे पुष्कळ वाचलेले असते.

‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे जाहीरपणे सांगितले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. तरीही सुशिक्षित माणसे त्यात सापडतात. यामागे अज्ञानापेक्षा भीती अधिक असते. आयुष्यभर सचोटीने वागलेल्या माणसाला पोलिसांचे नाव ऐकताच धडकी भरते. ज्याला कायद्याची चाड नाही त्याला ती भरत नाही. टीचरनाही मी हेच सांगितले.

एकदा फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठण्याचा प्रयत्न होतो, हेही सांगून ठेवतो. काही दिवसांनी ‘सायबर विभागातून’ किंवा ‘वकिलाकडून’ फोन येतो की तुमचे पैसे सापडले आहेत, परत मिळवण्यासाठी एवढे शुल्क भरा. तक्रार नोंदवण्यास कोणतेही शुल्क नाही. १९३० वरून कोणी ओटीपी वा पिन मागत नाही. मदतवाहिनीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तेथे खोटे क्रमांक पेरलेले असतात.

आपल्या समाजातील दोन गोष्टींचा उल्लेख टाळता येत नाही. जहाजावरील किंवा परदेशातील नोकरीच्या नावाने ‘व्हिसा शुल्क’ उकळण्याचे प्रकार आपल्या तरुणांच्या बाबतीत होतात. घरी रागावतील म्हणून मुले गप्प बसतात. त्याहून गंभीर म्हणजे, काही हजारांसाठी स्वतःचे बँक खाते दुसऱ्याला वापरायला देणे. तसे खाते फसवणुकीच्या साखळीत सापडले की खातेदाराच्या दारात पोलीस येतात, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करता करता नोकरी व पासपोर्ट दोन्ही अडचणीत येऊ शकतात. दुसरी गोष्ट धर्मगुरूंच्या नावाने येणाऱ्या संदेशांची. छायाचित्र फादरांचे, क्रमांक अनोळखी, मजकूर ‘मी सभेत आहे, एका आजारी व्यक्तीसाठी तातडीने पैसे पाठवा’. अशा वेळी फादरांच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून विचारण्यात अनादर नाही. त्यांनाही ते कळायला हवे असते. पैसे गेले नसतील तरी अशा संदेशाची खबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत देता येते. अश्लील चित्रफितीच्या धाकाने पैसे मागितले जात असतील, तर राष्ट्रीय संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. त्यातील काही तक्रारी नाव न देताही करता येतात.

पैसे परत मिळतातच का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार सायबर फसवणुकीत देशभरातील लोकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४०० कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८०० कोटींवर गेला. उलट या मदतवाहिनीच्या यंत्रणेमुळे २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचलेली रक्कम ५,४०० कोटींच्या घरात आहे. म्हणजे बहुतेकांचे बहुतेक पैसे परत येत नाहीत. जे येतात ते लवकर तक्रार करणाऱ्यांचे. रोखून धरलेली मोठी रक्कमही आपोआप खात्यात जमा होत नाही. ती सोडवण्यासाठी सहसा न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तेथे एफआयआरची प्रत व पोच क्रमांक यांचीच विचारणा होते.

त्या रविवारी दुपारी टीचरच्या घरूनच आम्ही १९३० लावला. चौथ्या प्रयत्नात लागला. सोमवारी पोलीस ठाण्यात दोन तास बसावे लागले. ठाणे अंमलदाराने आधी हद्दीचा प्रश्न काढला, मग लेखी अर्ज वाचून तो घेतला. मुलाला टीचरनी त्याच रात्री स्वतः सांगितले. तो रागावला नाही. रकमेपैकी ३८ हजार रुपये परराज्यातील एका खात्यात अडकलेले सापडले असून ते सोडवण्यासाठीचा अर्ज न्यायालयात आहे.