अपुऱ्या घरांची वसाहत

आराखड्याबाहेरचे बांधकाम म्हणजे बेशिस्त, असे नगररचनेत सर्वसाधारणपणे मानले जाते. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीने या बेशिस्तीलाच आराखड्यात जागा दिली. पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात सुमारे साडेसहा हजार घरांची ही वसाहत आखली. सर्वांत गरीब कुटुंबांसाठी सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते आणि नळ-सांडपाण्याच्या जोडणीसह शौचालय-न्हाणी एवढीच किमान सोय होती. उरलेले घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते.

रस्ते आणि मलवाहिन्या नंतर बदलणे अवघड, म्हणून त्या आधीच पक्क्या केल्या. मजला केव्हा चढेल, ओट्यावर दुकान थाटले जाईल की भाडेकरू येईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते; म्हणून ते मोकळे सोडले. तयार इमारतीत असा बदल म्हणजे तोडफोड. येथे त्यातूनच घर आकाराला येते. अर्थात, वाढीचा भार कुटुंबावरच पडतो. कमाई थांबली की बांधकामही थांबते.

‘अरण्य’ला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार लाभला, तर दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक. काय बांधावे याइतकेच कोठे थांबावे, हेही वास्तुविशारदाला उमगावे लागते.