गरम पाण्याची धार बारीक का होते?

पूर्वी गोव्यातील न्हाणीघरात चुलीवर तांब्याचे भाण असे, तर घाटावरच्या घरांत बंब पेटे. आता अनेक घरांत विजेचा गीझर आला आहे आणि त्याच्यासमवेत एक नवी तक्रारही आली आहे: थंड पाणी भरभरून येते, पण गरम पाण्याची धार मात्र करंगळीएवढी! अशा वेळी ‘गीझर बिघडला, नवा आणा’ असा निकाल घरात ताबडतोब दिला जातो. कोणी पंप बसविण्याचा सल्ला देतो. आमच्या मते, पैसे खर्च करण्यापूर्वी एक बादली, एक घड्याळ आणि थोडा विचार एवढे साहित्य पुरेसे आहे.

प्रथम हे पाहू या की, नळातील पाण्याला ढकलते कोण? ज्या घरांत पाणी गच्चीवरील टाकीतून येते, तेथे हे काम केवळ उंची करते. पाण्याची पातळी नळापासून 10 मीटर उंच असेल, तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम भार पडतो. 3 मीटर असेल, तर सुमारे 300 ग्रॅम. टाकी 500 लिटरची आहे की 2000 लिटरची, याचा येथे काहीही संबंध नाही. द्रवांच्या दाबाचा सखोल अभ्यास करणारे फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल (1623–1662) यांचेच नाव आज दाबाच्या एककाला दिलेले आहे.

आता गीझरच्या आत डोकावू. त्याच्या तळाशी थंड पाणी शिरते आणि वरच्या भागातून गरम पाणी बाहेर पडते. गीझरमध्ये पाणी ढकलणारे कोणतेही यंत्र नसते. आत येणारे थंड पाणीच गरम पाण्याला पुढे लोटते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. पाणी तापविणारी तार जळाली, तर पाणी थंड येईल. पण तेवढ्याने धार बारीक होणार नाही. पाणी कोमट येणे आणि धार बारीक येणे हे दोन निरनिराळे रोग आहेत.

मग रोगाचे स्थान शोधावयाचे कसे? 10 लिटरची बादली घ्यावी. एकाच ठिकाणी ती आधी थंड आणि मग गरम नळाखाली भरावी व लागलेला वेळ टिपून ठेवावा. दोन्ही वेळा उशीर लागला, तर दोष गीझरच्या अलीकडे आहे: टाकीची उंची अपुरी, टाकीजवळची तोटी अर्धवट उघडी, किंवा सामाईक नळात गाळ. थंड पाण्याने बादली एका मिनिटात भरली आणि गरम पाण्याने तीन मिनिटे घेतली, तर दुसरा प्रश्न विचारावा: घरातील इतर गरम नळांचे काय? एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष त्या नळात किंवा त्याच्या फाट्यात; सर्वांचीच असेल, तर गीझरात किंवा त्याला जोडलेल्या नळ्यांत.

हा दोष बहुधा पुढीलपैकी एक असतो. गीझरकडे जाणारी तोटी कोणीतरी अर्धी फिरवून ठेवलेली असते. पाणी मागे फिरू नये म्हणून बसविलेली एकमार्गी झडप अडकलेली असते. जुन्या लोखंडी नळावरील जस्ताचा मुलामा झिजून आत गंज चढलेला असतो. नळी वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा कोंडते व पाणी फुरफुरत येते. सर्वांत सामान्य शत्रू म्हणजे क्षार. बोअरवेलच्या जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापताच चुनखडीसारखे पांढरे पुट बनून बसते. म्हणूनच थंड नळापेक्षा गरम नळ लवकर चोंदतो. नळीचा व्यास निम्मा झाला, की पाण्याची वाट एक-चतुर्थांश उरते. शॉवरच्या जाळीवर असे पुट दिसल्यास ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी. बुडबुडे येऊ लागले, की क्षार विरघळत आहे असे समजावे.

ही रीत आपल्या घरांपुरतीच नाही. अमेरिकेत न्हाणीघरासह प्रवास करणाऱ्या मोटारी, म्हणजे चाकांवरची घरेच, लोक सहलीसाठी वापरतात. तेथे उंच टाकीऐवजी लहानसा विजेचा पंप दाब देतो. तरीही जुन्या गाडीत गरम धार मंदावली, तर प्रथम थंड धारेशीच तुलना करतात. थंड धार जोरकस असेल, तर पंप निर्दोष ठरतो. मग शोध तापकाच्या एकमार्गी झडपेकडे वळतो, किंवा हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून तापक रिकामा करताना फिरविलेल्या व पुन्हा जागेवर न आणलेल्या तोटीकडे.

शेवटी एक इशारा. विद्यार्थ्यांनी बादली भरावी, वेळ मोजावा, टिपण करावे. परंतु गीझर उघडू नये. ते जाणत्या कारागिराचे काम आहे, आणि तेही घराचे मुख्य बटन बंद केल्यावरच. गीझरच्या सुरक्षा-झडपेतून थेंब गळतात म्हणून तिचे तोंड बंद करणे तर प्राणघातक ठरू शकते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की सुमारे पाव लिटरने फुगते. त्याला वाट मिळाली नाही, तर टाकी फुटण्याचा संभव असतो. पंप बसवावयाचा झाल्यास गीझरवरील पट्टीवर लिहिलेला कमाल दाब आधी वाचावा. कारागीर घरी येईल तेव्हा ‘गीझर बिघडला’ एवढेच न सांगता तुमचे टिपण त्याच्या हाती द्या. त्याचे अर्धे काम तेथेच झालेले असेल.