सोळाचे बारा

पालघरला एका हळदीत कोळीगीत चाललं होतं. ढोलकीच्या खाली एक खर्ज सतत वाजत होता, तो मशीनचा आहे हे कळायला मला वेळ लागला. वाजवणारा मुलगा सातपाटीचा निघाला, म्हणून जुलैत त्याच्या घरी गेले.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वडील-काका घरीच. माजघरात पावसाळ्यासाठी भरलेल्या सुक्या बोंबलांचा वास आणि त्यातच कॉन्टॅक्ट क्लीनरचा. खारी हवा नॉबच्या आत शिरते, मग नॉब फिरवला की खरखर येते आणि सूर थरथरतो. म्हणून आधी साफसफाई.

टेबलावर कॉर्ग कंपनीचा एसक्यू-1, 2015 साली आलेला छोटा स्टेप सिक्वेन्सर. आठ-आठ नॉबच्या दोन रांगा, प्रत्येक नॉबखाली दिव्याचं बटण. एक नॉब म्हणजे एक पायरी. तिथून जितका व्होल्ट आवाज काढणाऱ्या सिंथकडे जाईल तितका सूर चढतो. व्होल्ट एकाने वाढला की सूर पुढच्या सप्तकात. दोन पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी ठेका थांबत नाही.

‘‘ताई, सोळाचे बारा करायचे, बाकी काही नाही.’’

कोळीगीताचा ठेका बहुधा सहाच्या अंगाने जातो. दोन आवर्तनं म्हणजे बारा. मशीनला मात्र चारचा हिशेब सोयीचा. त्याने आधी शेवटच्या चार पायऱ्या नुसत्या मुक्या केल्या. दिवा त्या पायऱ्यांवरून तसाच सरकत राहिला आणि दर फेरीला ठेक्यात भोक पडलं. मग त्याने त्या चार पायऱ्या गाळल्याच. आता दिवा बाराव्यावरून थेट पहिल्यावर, आणि ओळखीचा झोका आला. माझा पाय आपोआप हलायला लागला. ‘‘बारा,’’ तो पुन्हा म्हणाला.

हे नवं नाही. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-303 आणि टीआर-808 या मशीनवर दहा राग बसवले. त्या रेकॉर्डची खरी दखल घेतली गेली ती 2010 साली ती पुन्हा निघाल्यावर. घरच्या संगीतासाठी मशीन वाकवणाऱ्याला आपण वादक म्हणायला फार उशीर करतो.

‘मशीन आलं की वाजवणारे घरी बसतात’ हे मी खूप ऐकलं आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. इथे तसं नाही. बारापैकी सहावी आणि बारावी पायरी त्याने मुद्दाम मोकळी ठेवली आहे, ढोलकीवाल्याच्या थापेसाठी. नॉबच्या जागा साठवायची सोय या पेटीत नाही. नवी चाल लावण्याआधी तो मोबाइलवर नॉबचा फोटो काढतो.

संध्याकाळी ढोलकीवाले काका आले. हळद रंगली की ते लय वाढवतात, आणि मशीनला ते कळत नाही. म्हणून मुलाचा उजवा हात पूर्ण वेळ वेगाच्या नॉबवर आणि नजर काकांच्या मनगटावर.