थंडीत शाळेला जाताना

थंडी पडली की पालक मुलांना स्वेटर घालून शाळेत धाडतात. ते योग्यच. पण सायकलवरून जाणाऱ्या मुलाला थंडीइतकाच धोका धुक्याचा असतो. हे दिवस ऊसगाळपाचे. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. शाळेचा स्वेटर बहुधा गडद निळा किंवा मरून. धुक्यात तो चालकाला लवकर दिसत नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे शासनाने २०२४ साली सांगितले. मोठी मुले मात्र अनेक ठिकाणी अंधारातच निघतात. त्यांच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर बसवा, दप्तरावर चमकणारी पट्टी शिवून घ्या. कानांवर मफलर फार घट्ट आवळू नका; हॉर्न ऐकू आला पाहिजे.

दमा असलेल्या मुलांच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेने आकसतात. त्यांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा, डॉक्टरांनी दिलेला इनहेलर दप्तरात ठेवावा. धाप लागली तर सायकल तिथेच थांबवावी. शिक्षकांनाही याची कल्पना द्या.

मुलाला उपाशीपोटी पाठवू नका. आणि धुके दाट असेल तर ते विरेपर्यंत थांबवा. एक तास बुडाला तर तो भरून काढता येतो.