सशाचे गोळीखाद्य : पारख आणि निवड

धान्याच्या पेढीवर सशाच्या खाद्याची चौकशी होईल, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो. परंतु अलीकडे खडेबाजारातील आमच्या दुकानी मुलांचे बोट धरून पालक येतात आणि विचारतात, "घरच्या सशाला काय घालावे?" ज्वारी, गहू, हरभरा यांतच आमचा जन्म गेला. त्यामुळे कित्येक दिवस आम्ही निःशंकपणे गहू, मका व हरभऱ्याची डाळ एकत्र करून पुडी बांधून देत असू. आमच्या नातीच्या सशालाही तेच चालू होते. एके सकाळी त्याने खाणे सोडले, लेंड्याही बंद झाल्या. उद्या बरा होईल म्हणून आम्ही थांबलो, आणि पशुवैद्यांकडे पोहोचलो तेव्हा वेळ निघून गेली होती. दोष सर्वस्वी आमच्या अज्ञानाचा होता. त्यानंतर जे शिकलो, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

ससा हा गवतावर जगणारा प्राणी होय. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळल्यानेच झिजतात. त्याच्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात, सूक्ष्म जंतू तंतू आंबवितात. तेथे तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो व त्यांतून पोषण मिळवितो. धान्याचे पिष्ट अधिक झाले आणि तंतू उणे पडले, की जंतूंचा हा मेळ बिघडतो व आतड्याची गती मंदावते. म्हणून प्रौढ सशाच्या आहाराचा बहुतांश भाग चांगले वाळलेले गवत हाच असावा, व ते त्याच्यापुढे सदैव असावे. गोळीखाद्य ही केवळ जोड आहे. पानात चटणी असते, पण चटणीने कोणी पोट भरीत नाही.

गोळीखाद्य म्हणजे आपल्या परिचयाच्या गोळीपेंडीचाच धाकटा भाऊ. सर्व घटक दळून, दाबून एकसारख्या गोळ्या केलेल्या असतात. याउलट धान्य, वाटाणे व रंगीत तुकडे यांचे मिश्रण दिले, की ससा गोड तेवढे वेचतो व तंतूचे तुकडे टाकून देतो. ब्रिटनमधील एडिंबरो विद्यापीठातील पशुवैद्यांनी अशा मिश्रणांचा अभ्यास केला असता, ते खाणारे ससे गवत कमी खातात, लठ्ठ होतात व त्यांच्या दातांत दोष उत्पन्न होतात, असे आढळले. दिसावयास सुंदर असला तरी असा माल नाकारावा.

आता पिशवीवरील आकडे पाहू. प्रौढ सशासाठी तंतू शेकडा १८ किंवा अधिक, प्रथिने १२ ते १४, स्निग्धांश सुमारे ३ पर्यंत आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, १ पेक्षा कमी असावा. घटकांच्या यादीत पहिले नाव गवताचे असावे, मक्याचे नव्हे. लसूणघासात प्रथिने व चुना दोन्ही अधिक. म्हणून ते वाढत्या पिलांस योग्य, परंतु सहा-सात महिन्यांपुढील सशास नव्हे. जादा चुना सशाच्या मूत्रावाटे जातो व मूत्राशयात गाळ किंवा खडा होण्याचे भय असते.

बाजारातील पुष्कळसा माल पैदास केंद्रांतील सशांसाठी बनविलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ साली दिलेल्या कोष्टकात वाढत्या सशास १६ टक्के व दूध पाजणाऱ्या मादीस १७ टक्के प्रथिने सांगितली आहेत. नुसत्या निर्वाहास मात्र १२ पुरतात. पिंजऱ्यात बसणाऱ्या घरच्या सशाला पहिल्या दोघांचे खाद्य घातले तर तो फुगणारच. कोंबड्यांचे खाद्य तर मुळीच देऊ नये; त्यात घातलेली काही औषधे सशास विषासमान ठरतात.

मालाची ताजेपणा पारखणे हे आपले घरचेच काम. गोळी घट्ट असावी, तळाशी भुकटी नसावी, वास वाळल्या गवतासारखा यावा. बेळगावचा पावसाळा दमट. पिशवी उघडी राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीचे विष सशाला फार लवकर बाधते. म्हणून लहान पिशवी घ्यावी, तारीख पाहावी व माल झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवावा.

मापाचे गणित सोपे आहे. वजनाच्या दर किलोस दिवसाला फार तर २५ ग्रॅम. दोन किलोच्या सशास ५० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी वीस दिवस. खाद्य बदलावयाचे तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत बदलावे. पाणी सदैव स्वच्छ ठेवावे. आणि अर्धा दिवस सशाने काही खाल्ले नाही, तर आमच्यासारखी उद्याची वाट पाहू नये. तत्काळ पशुवैद्य गाठावा.

आता कोणी सशासाठी धान्य मागितले, तर आम्ही वजनकाट्याला हात न लावता प्रथम गवताची सोय विचारतो. गिऱ्हाईक क्वचित रिकाम्या हाती जाते. परंतु जो माल घेणाऱ्याच्या हिताचा नाही तो न विकणे, हाही व्यापारच होय, असे आमचे नम्र मत आहे.