गाळ गिळणारे जीव

सोलापूर हे कोरड्या हवेचे शहर आहे. येथे पाऊस बेताचा आणि ऊन मात्र भरपूर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, विहिरी तळ गाठतात. अशा ठिकाणी पाण्याच्या थेंबाथेंबाचे मोल किती असते, हे निराळे सांगावयास नको. या शहराला लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग भीमा नदीवरील उजनी धरणातून येतो. हे धरण १९८० साली पुरे झाले. परंतु उजनीच्या वरच्या अंगाला पुणे व पिंपरी-चिंचवड ही मोठी शहरे वसली आहेत. तेथील सांडपाणी पवना, मुळा व मुठा या नद्यांच्या वाटेने भीमेत येते. आणि त्यातील जे शुद्ध न होता येते, त्याची घाण उजनीच्या जलाशयात साठते. सोलापूरचे सांडपाणीही असेच ओढ्यानाल्यांनी खालच्या नदीकडे निघते. तेथेही माणसे पाणी भरतात, गुरे पाणी पितात. वरच्याने टाकलेले खालच्याच्या घागरीत जाते, असा हा व्यवहार आहे. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे, हे प्रत्येक शहराचे कर्तव्य ठरते.

हे काम कोण करते? यंत्रे करतात, असे तुम्ही म्हणाल. यंत्रांची मदत होते खरी. पण मुख्य काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव.

गटारातून वाहणाऱ्या मैलापाण्याचे १,००० भाग केले, तर त्यांतील सुमारे ९९९ भाग नुसते पाणीच असते. उरलेल्या एका भागात मैला, अन्नाचे कण, साबण, तेल, माती हे सारे येते. एवढासा हा भाग नदीचा घात करतो. तो कसा? पाण्यातील जिवाणू ही घाण खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण फार झाली, की जिवाणूंची संख्या भराभर वाढते, प्राणवायू संपून जातो आणि मासे गुदमरून मरतात. मग माणसाने विचार केला, की ही मेजवानी नदीत होऊ देण्यापेक्षा आधीच एखाद्या तळ्यात उरकून घेतली तर? या विचारातूनच मैलापाणी शुद्ध करणारी तळी निर्माण झाली.

अशी तळी एकापुढे एक खोदलेली असतात. पहिले तळे खोल, साधारणपणे २ ते ५ मीटर. त्यात पाणी संथ होते आणि जड मैला तळाशी बसतो. हाच गाळ. येथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. पण त्याच्यावाचून जगणारे जिवाणूही सृष्टीत आहेत. त्यांतील काही गाळाचे तुकडे करून त्यांचे आम्ल बनवतात. दुसरे त्या आम्लापासून मिथेन नावाचा जळणारा वायू तयार करतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो आणि गाळ हळूहळू आटत जातो. गोबरगॅसच्या टाकीत हेच घडते. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणारा असा वायू गोळा करून वापरण्यात आला होता.

पुढचे तळे उथळ, एक ते दीड मीटरचे. त्याचे पाणी हिरवे दिसते, कारण त्यात सूक्ष्म शेवाळ वाढते. शेवाळ उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडते. तो घेऊन जिवाणू उरलेली घाण खातात. जिवाणू जो कर्बवायू सोडतात, तो शेवाळाच्या उपयोगी पडतो. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, अशी ही देवघेव दिवसभर चालते. शेवटच्या तळ्यात स्वच्छ ऊन रोगजंतूंचा नाश करते. उष्णतेत जिवाणूंचे काम वेगाने होते आणि थंडीत ते मंदावते. म्हणजे जे ऊन आपल्याला नकोसे होते, तेच येथे फुकटचे इंधन ठरते. या पद्धतीला जागा मात्र पुष्कळ लागते. म्हणून मोठ्या शहरांतील केंद्रांत बहुधा टाक्या बांधून यंत्राने हवा देतात. जिवाणू मात्र तेथेही कामाला असतातच.

गाळ पुरता नाहीसा होत नाही. माती, वाळू व न कुजणारे पदार्थ मागे राहतात. काही वर्षांनी तळे उपसून तो गाळ वाफ्यांवर पसरून वाळवतात. नीट कुजलेल्या व नीट वाळलेल्या गाळाला मैल्याची दुर्गंधी राहत नाही. तपासून पाहिल्यावर तो शेतीला खत म्हणून देता येतो. तपासणी आवश्यकच आहे, कारण गाळात जंतांची अंडी पुष्कळ दिवस टिकतात.

कधी कधी तळ्याचे काम मंदावते. अशा वेळी चांगल्या चालणाऱ्या तळ्यातील थोडा गाळ आणून त्यात घालतात. दुधाला विरजण लावावे, तसाच हा प्रकार आहे. परंतु उकळत्या दुधाला विरजण लावले तर दही लागत नाही. त्याचप्रमाणे तळ्यात विषारी रसायने येत असतील, तर बाहेरून आणलेले जिवाणूही टिकाव धरीत नाहीत. सोलापूर चादरी व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध आहे. सूत रंगविल्यानंतर उरलेल्या पाण्यात रंग, क्षार व इतर रसायने असतात. असे पाणी आधी वेगळे शुद्ध करावे लागते. ते तसेच गटारात सोडले, तर मैला खाणाऱ्या जिवाणूंवरच घाला पडतो.

आपल्या घरातील मोरीही याच वाटेचा आरंभ आहे. तिच्यात ओतलेले तळणीचे तेल, फेकलेली औषधे, प्लॅस्टिकच्या पिशव्या हे सारे पुढे त्या जीवांच्या वाट्याला येते. त्यांना पचेल तेवढेच द्यावे आणि न पचणारे वेगळे ठेवावे. एवढे आपण पाळले, तर आपल्या खालच्या गावातील घागर थोडी तरी निर्मळ राहील.