पोटदुखीची गुणपत्रिका

आंत्रपुच्छदाहाचे, म्हणजे अपेंडिसायटिसचे निदान गुण मोजून केले जाते, याचे वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांना कदाचित नवल वाटेल. १९८६ मध्ये आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी दहा गुणांची पद्धत मांडली. उजव्या ओटीपोटाकडे सरकलेली वेदना, अन्नावरची वासना उडणे, मळमळ वा उलटी, ताप यांना एकेक गुण; त्या जागी दाबल्यावर दुखणे आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांना दोन-दोन. सात वा अधिक गुण झाले की शल्यचिकित्सकांना बोलवावे.

२००१ मध्ये इंदूरमधील माझ्या दवाखान्यात चार वर्षांच्या एका मुलाला मी याच मापाने मोजले. जेवण नाही, उलटी, ताप: तीन गुण. पांढऱ्या पेशी ९,८००. ‘कुठे दुखते?’ म्हटले की बोट बेंबीवर. हात लावताच आकांत, त्यामुळे पोट नीट तपासता आले नाही. दोनदा पातळ शौचही झाली होती. जे विचारता वा तपासता आले नाही, त्याला मी शून्य दिले आणि जुलाबाचे औषध देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी अपेंडिक्स फुटलेल्या अवस्थेत तो परत आला. शस्त्रक्रिया होऊन मूल वाचले. ‘तो वाकून चालतोय, हे मी तुम्हाला सांगितलं होतं, डॉक्टरसाहेब,’ एवढेच त्याची आजी म्हणाली.

पुढच्याच वर्षी मदन सॅम्युअल यांनी ४ ते १५ वर्षांच्या १,१७० मुलांच्या अभ्यासावरून बालकांसाठी वेगळा गुणांक मांडला. त्यात खोकताना, उडी मारताना किंवा पोटावर बोटाने ठोकल्यावर दुखले तर दोन गुण आहेत. आजीने पाहिले होते ते हेच! २००८ च्या स्वीडनमधील ‘एआयआर’ गुणांकाने सीआरपीलाही स्थान दिले. मुलाच्या सांगण्यावर त्याची भिस्त कमी. तरीही पाच वर्षांखालील मूल कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही, आणि अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण याच वयात सर्वाधिक असते.

मधल्या गुणांच्या मुलांची मी सोनोग्राफी करवितो आणि काही तासांनी पुन्हा तपासतो. आता तक्त्यात शून्याखेरीज ‘कळले नाही’ असाही रकाना मी हाताने आखला आहे. आणि ‘लंगडी घालून दाखव’ म्हटल्यावर एक पाय उचलून जे मूल तसेच उभे राहते, त्याला, कागदावर गुण तीनच असले तरी, मी घरी पाठवत नाही.